पाऱ्याचा कल

दुपारी पावणेएक वाजता राज्यमंत्र्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर शून्य आलं नाही.

बटण खरं तर अकरालाच दाबायचं होतं. पण वाटेत एका पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन निघालं, तिथे चहा झाला, सत्कार झाला, आणि विश्वाच्या उत्पत्तीला तेवढं थांबावं लागलं. संस्थेच्या सभागृहात आम्ही तोवर बिस्किटं खाल्ली.

टाळ्या वाजल्या, कारण संचालक डॉ. दिगंबर सोहोनींनी वाजवल्या. त्यांच्यामागून पहिली रांग, मग दुसरी. टाळ्या न वाजवणारी दोनच माणसं सभागृहात होती. एक, डॉ. रेवती धोंगडे, ज्यांनी ते यंत्र बांधलं होतं. दुसरे डॉ. फैयाज मुजावर, त्यांचे सहकारी, ज्यांनी यंत्रातून निघालेले सगळे आकडे तपासले होते. दोघं पडद्याकडे बघत होते, घरावरचं छप्पर उडून गेल्यावर माणसं वर बघतात तसे.

"चार," मुजावर म्हणाले.

"चारला जरा कमी," धोंगडे म्हणाल्या.

मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकाचा कराडचा बातमीदार होतो. ऊस, अपघात, धरणाची पातळी आणि विज्ञान माझ्याकडे. विज्ञान माझ्याकडे का, तर बारावीला मी ते घेतलं होतं. त्यात काय दिवे लावले, हे कुणी विचारलं नव्हतं. शेजारी बसलो होतो म्हणून मी मुजावरांना विचारलं, "चार म्हणजे?"

"मोजण्यात जेवढी चूक होऊ शकते, तिच्या चौपट उत्तर शून्यापासून लांब आहे. पाचपट असेल तर जग त्याला शोध म्हणतं. चारपट असेल तर माणसाला जेवण जात नाही."

ही संस्था कराडच्या बाहेर एका टेकडीवर आहे. जागा निवडणाऱ्या समितीने रस्ता पाहिला, पाणी पाहिलं, आणि समितीच्या अध्यक्षांचं गाव किती जवळ आहे ते पाहिलं. टेकडीचा काळा दगड स्वतःच थोडा चुंबक असतो हे नंतर लक्षात आलं. मग चुंबकाचा लवलेश चालणार नाही असं यंत्र चुंबकाच्या डोंगरावर बांधायचं काम धोंगडेबाईंच्या वाट्याला आलं. त्यांनी ते एकात एक बसणाऱ्या धातूच्या पेट्या रचून केलं. त्यात त्यांची अकरा वर्षं गेली.

सकाळी बिस्किटांच्या वेळी त्यांनी मला समजावलं होतं. पेट्यांच्या गाभ्यात काचेची कुपी, कुपीत पाऱ्याची वाफ. पाऱ्याचा अणू भोवऱ्यासारखा फिरतो. त्याच्या आतला विजेचा भार अगदी किंचित एका बाजूला कललेला असेल, तर बाहेरून दिलेली वीज उलटी केल्यावर त्याच्या गिरकीचा वेग किंचित बदलेल.

"किंचित म्हणजे किती?"

"अणू पृथ्वीएवढा फुगवला, तर हा कल त्या पृथ्वीवरच्या एका अणूहूनही लहान."

"आणि तो सापडला तर?"

"तर आजवर कुणी न पाहिलेले कण आहेत असं म्हणावं लागेल. विश्वात द्रव्य का उरलं, सगळं आपसात जळून का गेलं नाही, त्याचा धागा मिळेल."

"आणि नाही सापडला तर?"

"तर शून्य. शून्यसुद्धा उत्तर आहे. फक्त त्याला मंत्री येत नाहीत."

मग बटण कशाला, हेही मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "गुळाच्या ढेपा मोजताना काट्यावर आधीच कुणी एक धोंडा ठेवला आणि त्याचं वजन कुणालाच सांगितलं नाही, तर मापाऱ्याला हात मारता येत नाही. आमच्या संगणकाने तसा एक आकडा स्वतःच निवडून सगळ्या मोजमापात मिसळलाय. तो मलाही माहीत नाही. आधी सगळ्या शंका काढायच्या, तपासायच्या, संपल्या असं दोघांनी सही करून सांगायचं. मग बटण दाबलं की संगणक तो धोंडा उचलतो. त्यानंतर काहीही बदलायचं नाही."

"काहीही?"

"उत्तर बघून मग चुका शोधायला लागलं, की आवडतं उत्तर येईपर्यंत माणूस शोधत राहतो."

शंका संपल्या होत्या. सह्या झाल्या होत्या. धोंडा उचलला होता. तर, चार.

जेवण मागच्या पटांगणात मांडवाखाली होतं. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी. मंत्र्यांच्या टेबलावर सोहोनी, धोंगडे, मुजावर, आणि पत्रकार म्हणून मी. संस्थेचे प्रशासन अधिकारी भोईटे वाढप्यांच्या मागे उभे राहून आग्रह करत होते. त्यांनी प्रसिद्धिपत्रकं दोन तयार ठेवली होती, एक शून्यासाठी, एक नसलेल्या शून्यासाठी. पहिल्यात 'महत्त्वपूर्ण' हा शब्द होता, दुसऱ्यात 'ऐतिहासिक'. दुसरं चार वाजता सगळ्या वर्तमानपत्रांना जाणार होतं.

"म्याडम," मंत्री म्हणाले, "म्हणजे हे जग का हाय, ते कळलं म्हणायचं का?"

"नाही साहेब. अजून पुष्कळ बघायला लागेल."

"बघा, बघा. पर कराडात कळलं, हे मी सभेत सांगू का?"

"सांगा ना!" सोहोनी म्हणाले. सोहोनी सर उंच, गोरे, आवाज रेडिओसारखा. विज्ञाननिष्ठेवर व्याख्यानं द्यायचे. "साहेब, तुमच्या हातगुणाने झालं हो."

ज्यांच्या परिपत्रकाने प्रयोगशाळेत उदबत्ती लावायला बंदी होती, त्यांनीच हातगुण मान्य केल्यावर मंत्री खुलले.

"आमच्या कारखान्यात दसऱ्याला पयली पूजा मशिनीची. मग माणसांचं जेवण. तुमी शास्त्रज्ञ लोक करता का न्हाई? का तुमास्नी ते चालत न्हाई?"

"न चालायला काय झालं? यंदा मी स्वतः केली."

धोंगडेंचा हात पुरीवर थांबला.

"कशाची पूजा केलीत, सर?"

"आपल्या यंत्राची. तुम्ही नव्हता, तुम्ही त्या बंगळुरूच्या परिषदेला गेला होता."

"खोलीच्या दाराला हार घातलात ना?"

"छे! दाराला काय घालायचं? पंप बदलायला पेट्या उघड्याच होत्या, म्हटलं आयुष्यात एकदा आत जाऊन बघू. अगदी गाभाऱ्यात. हळदकुंकू वाहिलं, हार घातला."

"कशाला घातलात?"

"तो पांढरा चिनी मातीचा खांब आहे ना, वीज आत नेणारा. त्यालाच. फार शोभला."

मुजावरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. धोंगडेंचा आवाज मात्र अगदी शांत होता, घरी कुणाला ताप किती आहे विचारावा तसा.

"हार कसला होता?"

"झेंडूचा. आंब्याची पानं घालून."

"दोऱ्यात ओवलेला, की तारेत?"

"आता हार मी ओवला का, रेवतीबाई? बाजारातून आणवला."

"काढला कुणी?"

सोहोनींनी भोईटेंकडे पाहिलं. भोईटे जिलेबीचं ताट घेऊन पुढे आले.

"मी काढला म्याडम. दोन दिवसांनी. फुलं सुकली होती. जरा अडकला होता, पण ओढला, आला."

"सगळा आला?"

भोईटेंनी विचार केला. प्रामाणिक माणूस.

"फुलं सगळी आली," ते म्हणाले.

मंत्री जिलेबी मोडत म्हणाले, "पूजेनं वाईट कसं व्हईल, म्याडम? उलट बघा, दसऱ्यानंतरच गुण आला असंल."

त्यांनी अगदी नेमकं तेच सांगितलं होतं, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मंत्र्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत धोंगडे हात जोडून उभ्या होत्या. मग वळून थेट यंत्राच्या इमारतीकडे निघाल्या. मागे मुजावर, त्यांच्यामागे सोहोनी, आणि कुणी जा म्हटलं नाही म्हणून मी.

व्हरांड्यात सोहोनींनी आम्हाला गाठलं. ते आधी माझ्याकडे वळले. "रणनवरे, हे छापायचं नाही."

"काय छापायचं नाही, सर?"

"हेच."

मला हे काय आहे ते मुजावरांनी चालता चालता सांगितलं होतं. दर वेळी वीज उलटी केली की तारांतून प्रवाहाचा एक झटका जातो. शेजारी लोखंडाचा बारीक तुकडा असला, तर त्या झटक्याने तो एकदा या बाजूने चुंबक होतो, एकदा त्या बाजूने. पाऱ्याची गिरकी त्यानेही बदलते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अणूच कललाय.

"रेवती, ऐक," मुजावर म्हणाले. "उघडू नकोस. आठवडाभर दे मला. वीज हळूहळू उलटवून बघतो. झटका कमी होईल. हाराच्या तारेचा खेळ असेल तर उत्तर लहान होईल, अणूचा असेल तर तसंच राहील. सरळ गोष्ट आहे."

"आणि चार वाजता पत्रक जाईल त्याचं काय?"

"पत्रक थांबवायला सांग."

दोघांनी सोहोनींकडे पाहिलं.

"कसं थांबणार? मंत्री आता उंब्रजच्या सभेत बोलणार आहेत. आणि नियम तुमचाच आहे ना? उत्तर उघडल्यावर काही बदलायचं नाही! आता उघडलंय. सह्या तुमच्या आहेत."

"नियम आम्ही उत्तर वाकवू नये म्हणून आहे, सर. हार लपवायला नाही."

"हार, हार काय लावलंय? पुरावा काय आहे तार राहिल्याचा?"

"म्हणूनच बघते."

"बघून तार नसली तर?" मुजावर मध्येच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तर काय करशील? पेट्या उघडल्या की आतली शांतता गेली. पंपाच्या वेळीही ती परत तशीच जुळली नव्हती, आताही जुळणार नाही, मला माहितीये, तुला माहितीये. ज्या यंत्राने हे पाहिलं ते यंत्रच उरणार नाही. जग म्हणेल, एकदा दिसलं म्हणतात आणि मग यांनीच मोडलं. अकरा वर्षं, रेवती."

"मोजता येतात मलाही."

"मग माझं ऐक की. एक आठवडा."

इमारतीच्या पहिल्या दाराशी प्लॅस्टिकचा ट्रे असतो. त्यात धोंगडेंनी रोजच्यासारखं घड्याळ काढून ठेवलं, मग केसातल्या पिना, किल्ल्या, मंगळसूत्र. लोखंड असलेलं काहीही आत न्यायचं नाही, आणि लोखंड नाही याची खात्री नसलेलंही नाही. मी पट्टा काढला. त्यामुळे भारतीय विज्ञानातला तो प्रसंग मी एका हाताने पँट धरून पाहिला आहे.

आतल्या दाराशी भोईटे धावत आले, हातात फोन. सोहोनी व्हरांड्यातूनच फोनवर होते. "साहेब म्हणतात, दार उघडू नका."

"भोईटे, साहेबांना म्हणावं, स्वतः आत येऊन सांगा. फक्त कमरेचा पट्टा आणि खिशातलं लोखंड बाहेर ठेवा."

भोईटेंनी फोनमध्ये ते शब्दशः सांगितलं. फोन बंद झाला.

धोंगडेंनी वीज उतरवली. काटा सावकाश खाली आला. एवढं होईपर्यंत त्या हात मागे बांधून उभ्या होत्या. मग पितळी बोल्ट सोडवायला लागल्या. मुजावर भिंतीला टेकून उभे.

"मी विरोधात आहे," ते म्हणाले.

"नोंद घेतली."

"रणनवरे, तुम्हीही घ्या. मी विरोधात आहे." मग बाईंच्या हातातली झाकणाची तबकडी डगमगताना पाहून ते पुढे आले. "सोड, ती जड आहे. तुझी बोटं जातील. अजूनही विरोधात आहे."

एकात एक पेट्या उघडत गेल्या. शेवटच्या पेटीत टॉर्च धरायचं काम माझ्याकडे आलं. टॉर्च प्लॅस्टिकचा, पँट सैल. पांढरा खांब दिसला. पुढून स्वच्छ. धोंगडेंनी लाकडी काडीने मागची बाजू चाचपली. काहीतरी हललं.

बोटाएवढी तार. गंजलेली, वळलेली, एका टोकाला वाळक्या झेंडूचा देठ.

मुजावरांनी श्वास सोडला. "झालं," ते म्हणाले. त्यात सुटका होती की काय, मला सांगता येणार नाही.

"काय झालं?" धोंगडे म्हणाल्या. "तार सापडली. उत्तर कुठे सापडलं?"

बाहेर आलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सोहोनी व्हरांड्यात नव्हते. पत्रक चारला गेलं. 'ऐतिहासिक' होतं. तार त्यात नव्हती, कारण ते तीन दिवस आधी लिहिलं होतं.

मी पुण्याला फोन लावला. आमचे वृत्तसंपादक कुलथे.

"शोध लागला का नाही, एका शब्दात सांग."

"नाही."

"म्हणजे लागला नाही?"

"म्हणजे एका शब्दात सांगता येत नाही."

"मग किती शब्दांत येतं?"

"चारशे."

"दीडशे देतो. कोयनेच्या पाण्याचं आवर्तन आहे आज."

माझी बातमी सातव्या पानावर आली, आवर्तनाच्या खाली. दुसऱ्या एका दैनिकाने पत्रक पहिल्या पानावर घेतलं: 'विश्वाचं कोडं कराडात सुटलं'. त्यांचा बातमीदार जेवायला माझ्या शेजारच्या टेबलावर होता. त्याने जिलेबीवर लक्ष दिलं. हाडाचा पत्रकार.

पुढचं थोडक्यात. विनापरवानगी यंत्र उघडल्याबद्दल धोंगडेंवर चौकशी समिती बसली. हार घातल्याबद्दल कुणावरही बसली नाही. सोहोनी मानाने निवृत्त झाले आणि 'विज्ञान आणि परंपरा' या विषयावर बोलायला लागले. जाण्याआधी त्यांनी उदबत्तीचं जुनं परिपत्रक रद्द करून नवं काढलं: यंत्रांची पूजा करण्यास हरकत नाही, मात्र हार सुती दोऱ्यातलाच असावा.

आणि मुजावरांनी ती तार तपासली. महिनाभर तिच्या मागे होते. खांबाशेजारी ती होती तशी ठेवून, झटके देऊन, पुन्हा पुन्हा. लोखंडाचीच होती. चुंबक होत होती. पण त्या तारेतून पडद्यावरच्या आकड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा निघत होता. दसऱ्याआधीचं मोजमाप वेगळं काढून पाहिलं तर ते इतकं तुटपुंजं की त्यात शून्यही बसत होतं आणि तो आकडाही. उरलेले दोन हिस्से कशाचे, हे सांगू शकणारं यंत्र त्या दुपारी उघडलं गेलं होतं.

म्हणजे मुजावर बरोबर होते, असं संस्थेत बरेच जण म्हणाले. मुजावरही म्हणाले. धोंगडेंना नेतृत्वावरून काढून ग्रंथालय समितीवर नेमलं, तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहणारा एकमेव माणूस मात्र मुजावरच होता. समितीपुढे त्यांनी सांगितलं की बाईंनी केलं ते चूक होतं आणि बाईंशिवाय ते यंत्र पुन्हा कुणालाही उभं करता येणार नाही. समितीने दुसरं वाक्य पुढे दोन वर्षांनी मान्य केलं.

त्या दोन वर्षांच्या मधे केव्हातरी धोंगडे मला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर भेटल्या. संध्याकाळी फिरायला येत. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर भेळ घेऊन बसलो. मी विचारलं, कारण बातमीदाराला दुसरं काही येत नाही.

"मुजावरांचा आठवडा का दिला नाहीत? पत्रकाचं म्हणाल तर ते तसंही गेलंच."

"पत्रक हे कारण नव्हतं."

"मग?"

त्यांनी भेळेतल्या मिरच्या वेचून कागदाच्या कडेला लावल्या.

"रणनवरे, पडद्यावर शून्य आलं असतं आणि जेवताना सोहोनींनी पूजेचं सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं?"

"विचारलं असतं, हार कशात ओवला होता."

"नाही. हसले असते. फैयाजला म्हटलं असतं, बघ, हे आपले संचालक. आणि जिलेबी घेतली असती."

त्यांनी कागदाची कडा दुमडली.

"मला तो आकडा आवडला होता हो. मंत्र्यांनी बटण दाबलं आणि आकडा आला, तेव्हा तो खराच असावा असं मला किती वाटतंय, ते मला कळलं. आठवडाभर माझ्या हातात बंद यंत्र दिलं असतं, तर तार आत राहिलीच नसेल याची रोज एक नवी खात्री मला पटली असती. फैयाजने वीज हळू उलटवली असती, उत्तर जरा लहान झालं असतं, आणि ते का लहान झालं याचं दुसरं कारण मी शोधून काढलं असतं. चांगलं कारण. छापण्याजोगं. मी हुशार आहे, मला ते जमलं असतं."

"म्हणून उघडलंत."

"म्हणून उघडलं. आणि जर ते उरलेले दोन हिस्से खरे असतील, तर मी काय घालवलं, तेही मला माहीत आहे. फैयाज रोज सांगतो. सांगायची गरज नाही, तरी सांगतो."

"तुम्हाला काय वाटतं? खरे होते?"

"बघा, तुम्ही पुन्हा तेच विचारताय. मला काय वाटतं ते विचारू नका. त्याचा भाव शून्य आहे."

हे छापू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, छापा, पण मी तुम्हाला भेळेचे पैसे दिले हेही छापा, नाहीतर भेळ तुमची म्हणून मी बोलले असं होईल. मी तेव्हा छापलं नाही. कुलथेंकडे जागा नव्हती.

यंत्र पुन्हा उभं राहायला पाच वर्षं लागली. या वेळी पेट्या बंद करताना आतली प्रत्येक वस्तू धोंगडे आणि मुजावर यांनी आळीपाळीने चुंबकमापकाखाली धरली. दसऱ्याला ते दोघंही इमारतीच्या दारात खुर्च्या टाकून बसतात. नव्या संचालकांनी एकदा नारळ घेऊन यायचा प्रयत्न केला. त्यांना चहा देऊन परत पाठवण्यात आलं.

नवं मोजमाप यंदा मार्चमध्ये पूर्ण झालं. आकडा संगणकात आहे, त्यात न सांगितलेला दुसरा आकडा मिसळलेला आहे. मंत्रालयातून तारीख विचारणारं पत्र आलं, त्याला 'कळवू' असं उत्तर गेलं. गेल्या शुक्रवारी मी फोन केला, तेव्हा मुजावरांनी उचलला.

"उघडलं का?"

"नाही. सही राहिलीये."

"कुणाची?"

"माझी. माझी एक शंका आहे, कुपीच्या काचेबद्दल. रेवती म्हणते, ती निरर्थक आहे."

मागून धोंगडेंचा आवाज आला, "निरर्थकच आहे. सांग त्यांना, तरी तपासतेय म्हणून."

"ऐकलंत?" मुजावर म्हणाले. "तीन महिने तरी लागतील."